अणदूरची हळद, जळकोटची काव

१

पट्ट्यावर दोन डाग होते. दोन्ही तांबडे.

नळदुर्गच्या चावडीत पंच त्या पट्ट्यावर वाकले होते. बाहेर ओट्याला टेकून गफार मणेर बसला होता. सव्वीस मैल पळून आलेला, सत्तावन्न वर्षांचा, पोटऱ्या अजून थरथरत होत्या. तो पहिला आला होता. लोकांनी त्याला वेशीपासून खांद्यावर घेतलं होतं आणि आता तेच लोक गप्प उभे होते.

शर्यतीचा नियम साधा होता. किल्ल्याच्या दरवाजापासून निघायचं, मावळतीला अणदूर गाठायचं, माघारी नळदुर्गावरून उगवतीला जळकोट, आणि पुन्हा नळदुर्ग. प्रत्येकाच्या छातीवर तिरका बांधलेला पांढरा पट्टा. अणदूरला खंडोबाच्या पायरीवर त्या पट्ट्याला भंडाऱ्याचा पिवळा ठिपका लागायचा, जळकोटला चावडीपाशी कावेचा तांबडा. दोन रंग दिसले की दोन्ही गावं झाली.

"पिवळा कुठाय?" तहसीलदारांनी विचारलं.

"लावला होता, साब. मी स्वतः लावला." गफार म्हणाला.

तेही खरं असू शकत होतं. अणदूरला पुढची पोरं येऊन गेल्यावर गुरव पूजेला आत गेले आणि हळदीचं ताट पायरीवरच राहिलं. मागून येणाऱ्यांनी आपापला ठिपका आपणच लावला. गफार तेव्हा सगळ्यांच्या मागं होता. त्याला अणदूरला पाहिलेलं कुणी नव्हतं.

"मंग ह्यो दुसरा तांबडा कसला?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "जळकोटला दोनदा बोट बुडवलं व्हय रं मणेरा?"

लोक हसले. आणि त्या हसण्यात लिंबाजी पुढं आला. किल्ल्याखालच्या बागाईतीचा धनी, वयानं गफारएवढाच, स्वतःही शर्यत पळालेला. वर्षभर पहाटे गफारबरोबर पळणारा गावात हा एकच माणूस.

"म्या अनदूरहून माघारी येत होतो," तो म्हणाला. "पोरं फुडं निघून गेली हुती, ह्यो तेवढा माज्याबी मागं होता. म्हंजी समोरून यायला पायजे. सबंध वाटंत मला गफार दिसला न्हाय."

गफारनं मान वर केली, लिंबाजीकडं पाहिलं, आणि खाली घातली.

२

फसली सन १३५५, इस्फंदार महिना, इंग्रजी हिशेबानं १९४६ चा जानेवारी. आदल्या दिवशी येळवस झाली होती. त्या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा होते, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे खाऊन माणसं अंधार पडल्यावर घरी येतात. पट्टे येळवशीच्या सकाळीच वाटले गेले होते आणि शर्यत दुसऱ्या दिवशी, जुम्म्याची, शुक्रवारची, सुट्टी म्हणून. आंबील पिऊन सुस्तावलेली निम्मी पोरं जळकोटच्या वाटेवरच बसली, असं लोक सांगत होते.

तहसीलदारांनी महारुद्र अमीनला बोलावलं. अमीन म्हणजे पोलिसातला जुना अंमलदार. आता वर्दी उतरली होती, नाव राहिलं होतं. नोकरीत आपण एकही प्रकरण अर्धं सोडलं नाही, हे तो स्वतः सांगायचा, आणि ऐकून ऐकून गावही सांगायचं.

"पुढल्या जुम्म्याला बक्षिसाचा मंदिल द्यायचाय," तहसीलदार म्हणाले. "कुणाच्या डोक्यावर ठेवायचा ते तुम्ही सांगा."

"मंदिलाचं सोडा," अमीन म्हणाला. "त्याच्या धंद्याचं काय?"

तहसीलदार हैदराबादचे, त्यांच्या ध्यानात आलं नाही. अमीनच्या आलं होतं. मणेर बांगड्या भरतो. परका पुरुष, परक्या बाईचा हात हातात घेतो, दाबतो, वळवतो, आणि नवरा शेजारी पान खात बसलेला असतो. चाळीस वर्षं आसपासच्या गावांतल्या बायकांनी गफारच्या हातात हात दिले होते, कारण गफार खोटा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता संक्रांत तोंडावर होती. संक्रांतीला नवी काकणं न भरणारी सुवासीण शोधून सापडायची नाही. आणि शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी गफार पेटी घेऊन माळी गल्लीत गेला तेव्हा तीन दारं तो पोचायच्या आत लागली.

अमीननं पट्टा घरी नेला. उजेडात धरला. डाग दोन, तांबडे. आणि एका काठाला बारीक फाटलेलं. धाग्यात काहीतरी अडकलं होतं. त्यानं नखानं ओढून काढलं.

बाभळीचा काटा.

३

(आधीचं थोडं.)

गफारला पळायचं वेड कुठून लागलं, हे त्याच्या बायकोलाही कळलं नव्हतं. लिंबाजीला त्यानं एकदा सांगितलं होतं. दोघं बोरी नदीच्या काठाला धापा टाकत उभे होते.

"चाळीस वर्षं चाललो, लिंबाजीराव. कवाबी डोक्यावर पेटी. हळू चालायचं, नाहीतर माल फुटतो. एकदा रिकाम्या हातानं जाऊन बघायचंय, किती लांब जाता येतं."

"आन म्या कशाला पळतोय रं तुज्यासंगं?"

"पोट कमी करायला."

"पोट न्हाय ते. बागाईत हाय."

पहाटे लोक शेताला निघताना हे दोघं परत येताना दिसायचे. एकाची लुंगी खोचलेली, दुसऱ्याचं धोतर. "कुणी मागं लागलंय का, आज्या?" पोरं विचारायची. लिंबाजी दगड उचलायचा, टाकून द्यायचा. लिंबाजी दर वेळी सुरुवातीलाच सुटायचा, आणि नदी येईपर्यंत त्याचा गुडघा बोलायला लागायचा. गफार एकाच चालीत मागून यायचा. वाटेत एकजण वळून परत येताना समोर दुसरा भेटला की दोघंही हात वर करायचे. बोलायला श्वास नसायचा, म्हणून हात.

गफारच्या टाचा भेगाळल्या की लिंबाजीच्या घरून एरंडेल जायचं. लिंबाजीची बायको कडूबाई ते वाटीत काढून द्यायची आणि म्हणायची, "दोघांस्नीबी एकदाच बांधून ठिवा कुनीतरी."

असं वर्ष गेलं.

४

(कल्याणप्पा पैलवान, जळकोट. दुसरा आलेला. एकटाच बोलतो.)

बसा, अमीनसाहेब. दूध घ्या. न्हाय? मग म्याच घेतो.

मला ठावं हाय तुमी काय इचारनार. म्हातारा बाद झाला तर मंदिल माज्या डोक्यावर. म्हंजी पट्ट्याला काव म्याच फासली. व्हय ना? कवा फासू? जळकोटला म्या त्याच्या फुडं, नळदुर्गच्या अलीकडं त्यो माज्या फुडं. माज्या बाजूनं गेला तवा हात लांब केला असता तर पडलो असतो. पायात जीव न्हवता माज्या.

खरं सांगू? त्यो गेला ना बाजूनं, तवा मला वाटलं, आमची आजी दळताना जशी बसती, तशी त्याची चाल. घाई न्हाय. थांबनं न्हाय. तोंड मिटल्यालं. रडत होता का काय, कुनास ठावं. घाम असंल.

रडत होता म्हनलं का म्या? घामच असंल.

अर्ध्या वाटंवरनं वळून आल्याला मानूस असा पळत न्हाय. तिथं बसलेला असला तर त्याचं अंग थंड पडतं, मंग शेवटी उठून पैलवानाला मागं टाकता येत न्हाय. हे तुमी लिवून घ्या. मंदिल नको मला असला. माजी आजी काय म्हनंल?

५

लिंबाजी अंगणात गुडघ्याला पाला बांधून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर झोप नव्हती. कडूबाई बाजूला शेंगा फोडत होती.

"दोस्त आहे तो तुमचा," अमीन म्हणाला.

"म्हनूनच. परका असता तर गप बसलो असतो." त्यानं पाला दाबला. "तहसीलदारानं इचारलं, वाटंत कुनी कुनी दिसलं? खोटं बोलू? त्यो दिसला असता तर म्या हात वर केला असता. रोज करतो. म्या समोर बघतच येत होतो, का ह्यो आता दिसंल, मंग दिसंल. अनदूर ते नळदुर्ग. न्हाय दिसला."

"त्यानं फसवलं असं तुम्हाला वाटतं?"

लिंबाजीनं पाल्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"मला वाटतंय म्या मेलो असतो त्या वाटंवर, तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "तोंड उघडायची पाळी आली नसती."

कडूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग कुणी विचारलं नसताना ती म्हणाली, "आमची शिवकांता परंड्याला गेलीया. मामाकडं. शर्यतीच्या दिशीच, मोटारीनं."

शिवकांता त्यांची एकुलती मुलगी. तीन वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आलेली. अमीननं मान हलवली. त्याचं लक्ष लिंबाजीच्या गुडघ्याकडं होतं.

"वाटेवर बाभळी कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"एकाच जागी. अनदूरच्या अलीकडं, वढ्याच्या वळनावर. का?"

अमीन उठला. कडूबाई त्याच्याकडं पाहत होती, आणि तिला वाटत होतं की याला कळलं. त्याला काहीच कळलं नव्हतं.

६

गफारची बायको रजियाबी चुलीपाशी होती. पेटी भिंतीला लागून, झाकण बंद.

"म्या म्हनले होते, अमीनसाब. यी उमर पळायची हाय का? ऐकतेत कुठं? आता बघा. चार दिस झाले, येक बाई आली न्हाय. काल तर पेटी घेऊन गेले, रिकामे आले. म्हंजी पेटी भरलेलीच. तुमी समजलाव."

"शर्यतीच्या आधी पट्ट्याला कुणी हात लावला?"

"कोन लावंल? येळवशीला सकाळी आनला, कंबरंला बांधला, दिसभर तसाच. म्या म्हनले ठिवा जरा, मैला होईल. पोरासारखं करत होते. दिवेलागनीला पेटी काढली तवाबी कंबरंलाच."

अमीन पुढं सरकला.

"येळवशीला पेटी काढली?"

रजियाबीनं फुंकणी उचलली. चूल पेटलेली होती, तरी फुंकू लागली.

"अमावास्येला कोण बांगड्या भरतं, रजियाबी?"

"कोनी न्हाय भरत," ती म्हणाली. धुरात तिचे डोळे दिसत नव्हते. "म्या पेटी म्हनले का? मोठी न्हाय. जाऊ द्या. मी बुढ्ढी झाले, साब. काय तरी बोलते."

७

(गफार मणेर. ओढ्याच्या वळणावर, बाभळींखाली. फक्त उत्तरं.)

जी.

जी, इथंच.

न्हाय, पानी प्यायला न्हाय. तहान न्हवती.

उभा राहिलो. त्या खोडामागं. लिंबाजीराव जाईपर्यंत.

ते न्हाय सांगत.

दुश्मनी कशाची? त्याच्या घरचं तेल माझ्या टाचंत हाय.

मी अणदूरला गेलो. पायरीवर वाकलो. ताटात बोट घातलं, पट्ट्याला लावलं. पिवळंच लावलं. जळकोटला पोचलो तवा खाली बघितलं, तांबडं झालं होतं.

कशानं ते मला ठावं हाय.

ते बी न्हाय सांगत.

साब, एक मागतो. संक्रांत होऊ द्या. मंग काय सांगायचं ते सांगा. तवर मी लबाड तर लबाड.

दारं लागतेत, व्हय. ऐकतो मी. कडी लावल्याचा आवाज चाळीस वर्षांत ऐकला न्हवता.

हात जोडतो. राहू द्या.

८

अमीनला हे राहू देता आलं नाही.

त्याला वाटलं, म्हातारा खचला आहे. निर्दोष माणसं खचली की अशीच बोलतात, नोकरीत त्यानं पुष्कळ पाहिली होती. त्यांना ओढून उजेडात आणावं लागतं. मागून ते पाया पडतात.

घरी तो एकटाच असे. बायको गेल्यापासून हातानं करून खायचं, हातानं धुवायचं. त्या दुपारी त्यानं वरण-भाकरी खाल्ली, बोटं पंच्याला पुसली, संध्याकाळी तोच पंचा साबण लावून दगडावर घासला, आणि घासता घासता थांबला. पंच्यावरची पिवळी बोटं तांबडी झाली होती.

कितीतरी वेळा झाली होती. हळदीवर साबण पडला की हळद लाल होते, यात नवल ते काय. घराघरात बायका रोज बघतात. पंचांमध्ये बाई नव्हती, इतकंच.

तो ओल्या हातानं उठला. पट्ट्याच्या वरच्या डागाला लिंबू लावून बघायचा मोह त्यानं आवरला. ते चावडीत करायचं. सगळ्यांसमोर.

साबण कुठून आला हे तर उघडच होतं. मणेराच्या पेटीत साबणाची वडी असते. हात आखडलेला असला, बांगडी जात नसली, की मणेर साबणाचं पाणी लावतो आणि बांगडी सरकवतो. गफारनं ओले हात पट्ट्यालाच पुसले. सुकल्यावर पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी घाम आला, हळद लागली, आणि रंग फिरला.

रात्री तो छान झोपला. येळवशीला कुणाचा हात, हा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला होता. शर्यतीशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून त्यानं तो सोडून दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं प्रकरण अर्धं सोडलं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

९

जुम्म्याला चावडीसमोर गाव जमलं. मंदिल तबकात झाकलेला. कल्याणप्पा मागं भिंतीला टेकून उभा. लिंबाजी पंचांच्या शेजारी. गफारला बोलावून आणावं लागलं.

अमीननं पट्टा दोरीवर टांगला. लिंबू कापलं.

"हा खालचा डाग," त्यानं एक फोड पिळली. रस ओघळला. डाग तांबडाच राहिला. "ही जळकोटची काव. आता वरचा."

दुसरी फोड. लोक पुढं सरकले.

तांबडं आधी फिकटलं, मग कडेनं सुटलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळं झालं. भंडाऱ्यासारखं लख्ख पिवळं.

"ही अणदूरची हळद," अमीन म्हणाला.

ओरडा झाला. कुणीतरी टोपी उडवली. मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, साबनाचा डाग हाय की ह्यो! मला इचारलं असतं तर!" आणि बायका हसल्या. अमीनही हसला. साबण, मणेर, पेटी, ओले हात, येळवशीची संध्याकाळ, कंबरेचा पट्टा, सगळं त्यानं ओळीनं सांगितलं. त्याचा आवाज चढला होता. वर्दी असतानासारखा.

गफार उठून उभा राहिला होता. "साब," तो म्हणाला. "बस झालं."

"थांब. लिंबाजीरावांचीही शंका फेडू दे." अमीननं काटा हातावर घेऊन दाखवला. "लिंबाजीराव खोटं बोलले नाहीत. गफार त्यांना दिसला नाही, कारण तो ओढ्याच्या वळणावर बाभळीमागं उभा होता. ते गेल्यावर तो पुन्हा रस्त्याला लागला आणि अणदूरला गेला. माझं संपलं."

"न्हाय संपलं," लिंबाजी म्हणाला.

१०

"माज्यापासून का लपला?"

११

अमीननं तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं की याचं उत्तर त्यानं शोधलं नाही. आणि त्याच क्षणी उत्तर आलं, आणि ते लिंबाजीच्या तोंडावरही येताना त्याला दिसलं. ते शांतपणे येत होतं, एकेक पायरी.

येळवशीची संध्याकाळ. गाव शेतात. मणेर पेटी घेऊन निघतो. अमावास्येला सुवासीण बांगड्या भरत नाही. मग कोण भरतं? जिचा पाट लागणार आहे ती. पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, अमावास्येच्या अंधारात लागतं, गावाबाहेर, चार विधवांच्या साक्षीनं. सुवासिनींनी ते बघायचं नसतं, आईनंसुद्धा. लिंबाजीच्या घराण्यात पाट लावत नाहीत. आजवर कुणी लावलेलं नाही. त्याची विधवा बहीण हरणाबाई गावाबाहेर मळ्यात राहते, गावाची नजर पोचत नाही तिथं. आणि त्याची पोर येळवशीच्या दुसऱ्या दिवशी परंड्याला गेली आहे.

परंड्याहून मोटार येऊन गेली होती. खुशालीचा निरोप आलेला नव्हता, म्हणजे पोर तिथं पोचलेलीच नव्हती.

"सोलापूरच्या गिरणीतला त्यो," लिंबाजी स्वतःशीच म्हणाला. "माज्या मोसंबीच्या बागंत कामाला आला होता दोन महिने." मग गफारला, "तू?"

"पोर रडत आली होती, लिंबाजीराव. म्हनली, चाचा, तुमी भरल्याबिगर मी कुनाच्या हातून भरनार न्हाय. संक्रांतीला ती नवऱ्याला घेऊन तुमच्या पाया पडायला येणार होती. तवर..."

"वर्सभर माज्या बाजूनं पळलास."

गफारनं आपल्या हातांकडं पाहिलं.

लिंबाजी पंचांकडं वळला. "माजी तक्रार मागं घेतो. शर्यत ह्यानं जिंकली. त्यो लबाड न्हाय." त्यानं पागोटं सावरलं आणि लंगडत निघाला. गर्दी बाजूला झाली. तो गेल्यावर ती पुन्हा जुळली नाही, मध्ये तेवढी वाट तशीच मोकळी राहिली.

१२

(जे अमीननं चावडीत सांगितलं नाही, कारण गफारनं त्याला ते नंतर सांगितलं.)

निघताना पाय जड होते कारण काल संध्याकाळपासून त्या पोरीचे हात डोळ्यांसमोर होते, तीन वर्षं काकण नसलेले, विळा-खुरप्यानं आखडलेले, साबण लावला तरी सांध्यावर अडणारे, आणि पोरं पुढं सुटली तेव्हा मी मागंच राहिलो आणि लिंबाजीचं पागोटं पुढं पुढं जाताना बघत राहिलो, आणि मनात आलं की हा वळून येईल, समोरून येईल, हात वर करील, आणि मलाही करावा लागेल, ज्या हातानं त्याच्या पोरीला भरलं तोच हात, आणि ते मला जमेना, म्हणून पागोटं वळणावर दिसताच बाभळीत घुसलो, काटे लागले ते कळलं नाही, तो गेला, धापा टाकत, गुडघा ओढत, समोर बघत, मला शोधत, हे मला दिसलं साब, तो मला शोधत होता, आणि मग मी रस्त्याला लागलो आणि असा पळालो की अणदूर कधी आलं कळलं नाही, ताटात बोट बुडवलं, मल्हारीला म्हटलं सांभाळ, परत फिरलो, नळदुर्गच्या वेशीत लोक ओरडत होते आणि मला आवाज येत नव्हता, लिंबाजी तिथंच बसला होता, गुडघा धरून, त्याची शर्यत संपली होती, त्यानं मान वर केली आणि मी दुसरीकडं बघितलं, जळकोटच्या वाटेवर पोरं एकेक बसायला लागली होती, मी त्यांच्या बाजूनं जात होतो, पोटऱ्या दगड, तोंडात माती, आणि डोक्यावर पेटी नव्हती तरी होती, ती पेटी मी कधी खाली ठेवलीच नव्हती, आणि वाटलं थांबावं, बसावं, पण थांबलो तर मागं वळून त्याला सांगावं लागेल, म्हणून पळत राहिलो, लोक म्हणतात जिंकायला पळाला, साब, मी तोंड चुकवायला पळालो.

१३

मंदिल गफारच्या घरी पोचता केला गेला. रजियाबीनं तो फडक्यात बांधून ठेवला.

लिंबाजी सोलापूरला गेला नाही. त्यानं कुणाला मारलं नाही, शिवीही दिली नाही. त्यानं जिवंत पोरीच्या नावानं आंघोळ केली आणि घरात तिचं नाव काढायचं नाही असं सांगितलं. संक्रांतीला ती पाया पडायला येणार होती, ते राहिलं. तिला कुणीतरी निरोप दिला होता की येऊ नको.

गफार शर्यतीत खोटा नव्हता, हे आता लहान पोरालाही माहीत होतं. दारं तरी उघडली नाहीत. आधी तो लबाड म्हणून लागत होती. आता, आपल्या घरातल्या एखाद्या विधवेलाही हा असाच अंधारात भरील, म्हणून.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अमीन त्याच्या घरी गेला. दारातच घुटमळला. शेवटी म्हणाला, "चल, मी येतो बरोबर. मला बघून तरी उघडतील."

"तुमी नको, साब."

"येतो."

गफारनं पेटी डोक्यावर घेतली. दोघं निघाले. गफारनं पहिल्या गल्लीत आवाज दिला, दुसऱ्या गल्लीत दिला. कुठं कडी वाजली, कुठं तीही वाजली नाही. एका ओट्यावरच्या बाईनं पदर पुढं ओढून आत जाताना अमीनकडं पाहिलं, आणि अमीनला पहिल्यांदा वाटलं की आपण इथं यायला नको होतं. या गल्लीतच नव्हे. चावडीतही.

लिंबाजीच्या वाटेनं जाऊ नये असं अमीनला वाटत होतं. गफार गेला. दार लागलेलं होतं. त्यानं आवाज दिला नाही, नुसताच पुढं चालू लागला, तेव्हा दाराच्या फटीतून हळू हाक आली.

"गफारभाऊ."

तो थांबला. अमीनही थांबला.

"जी, वैनी."

आत कडूबाई होती. फटीतून लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. माजघरात कुणीतरी खोकलं, तशी तिनं फट आणखी लहान केली.

"कंच्या रंगाचे चुडे भरले?"

"हिरवे," गफार म्हणाला. "गर्द. बारीक नक्षीचे."

"बसले का नीट? तिचा उजवा हात अवघड हाय. पयल्या लगनातबी लई दुखलं होतं तिला."

"बसले. सावकाश भरले."

"डोसकं धुतलं होतं तिनं?"

"धुतलं होतं. हरणाबाईनं वेणी घातली होती."

गफार पेटी डोक्यावर घेऊन तसाच उभा होता.

"मला बघाया येत न्हवतं," कडूबाई म्हणाली. "सुवाशिनीनं बघू ने. म्या शेतात आंबील वाढत बसले." मग आवाज आणखी खाली गेला. "रडली का?"

"न्हाय, वैनी. हसली."

दाराची फट बंद झाली. आत कडी लागली नाही.

दोघं पुढं चालू लागले. गल्लीच्या टोकाला गफारनं पेटी उतरवून कट्ट्यावर ठेवली आणि तोंडावरून हात फिरवला. ती खरंच हसली होती का, हे त्याला विचारावं असं अमीनच्या अगदी ओठावर आलं होतं. गफार त्याच्याकडं बघत वाट पाहत होता.

अमीननं विचारलं नाही. त्यानं वाकून पेटीचं दुसरं टोक धरलं, गफारच्या डोक्यावर ती चढवून दिली, आणि त्याच्या मागून चालू लागला.